क्रेडिट कार्डाचा ‘वेलकम बोनस’ : मिळतो कुणाला, अडतो कुठे?

बिदर : पेट्रोल पंपाबाहेर छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलावर बँकेचं नाव छापलेलं कापड आणि दोन तरुण पोरं. बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, तिकडे उदगीर, जहिराबाद, हे दृश्य आता सगळीकडे सारखंच. ‘सर, लाइफटाइम फ्री आहे, वर दोन हजार पॉइंट वेलकम बोनस,’ असं ऐकलं की आपण आधार आणि पॅन काढून देतो. पोरगा हिंदीत बोलतो, अर्ज इंग्रजीत असतो, शाखेतली पाटी कन्नडमध्ये आणि हिशेब आपण मनात मराठीत करतो. एवढ्या भाषांच्या मध्ये तो बोनस बऱ्याचदा हरवतो.

गेल्या काही महिन्यांत भालकी, कमलनगर, आळंदहून आणि पलीकडच्या निलंगा, उमरग्याहूनही वाचकांचे फोन आले. तक्रार एकच. कार्ड आलं, फी कापली, बोनस काही आला नाही. बँकेला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘तुम्ही पात्र नाही.’ का नाही, ते नीट कुणी सांगत नाही.

यात माझाही नंबर लागलेला आहे, तो आधी सांगतो. एका खासगी बँकेचं कार्ड घेतलं होतं. अट होती, ३० दिवसांत दहा हजारांचा खर्च करा, बोनस घ्या. माझ्या आधारवर पत्ता औराद तालुक्यातल्या गावाचा, राहतो बिदरला. कार्ड गेलं गावाकडे. कुरिअरवाला गावात गेला नाही, औरादला पाकीट पडून राहिलं. माझ्या हातात आलं तेव्हा २२ दिवस उलटले होते. उरलेल्या आठ दिवसांत गाडीचे टायर घेतले साडेसहा हजारांचे, डिझेल भरलं चार हजारांचं. झाले की साडेदहा हजार! महिना गेला, दोन गेले, पॉइंट शून्य. कस्टमर केअरच्या बाई फार गोड बोलल्या : ‘सर, फ्युएल मोजत नाहीत आणि दिवस कार्ड तयार झाल्यापासून धरतात. टर्म्समध्ये लिहिलेलं आहे.’ खरंच लिहिलेलं होतं, अकराव्या पानावर. बी. कॉम.ची पदवी भिंतीवर टांगलेली आणि मालकाने पानं उलटलेली नव्हती.

तर मुद्दा असा की बोनस हा कार्ड घेतल्याबद्दल मिळत नाही, अटी पुऱ्या केल्याबद्दल मिळतो. कार्ड मंजूर होण्याची पात्रता वेगळी आणि बोनसची पात्रता वेगळी. पहिली पास झाली म्हणजे दुसरी आपोआप पास, हा समज डोक्यातून काढा.

आधी कार्ड मिळण्याचं थोडक्यात. पगाराची स्लिप किंवा आयकर रिटर्न असेल तर काम सोपं. नुसती पहाणी, म्हणजे पलीकडच्या भाषेत सातबारा, दाखवून सहसा भागत नाही. शेतीचं उत्पन्न कितीही असो, बँकेला कागदावर काहीतरी लागतं. काही बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात, तो मार्ग आहे. पण अशा कार्डावर बोनस आहे का ते वेगळं विचारा. आणि एक गोंधळ इथे फार आहे. ‘माझ्याकडे आधीच क्रेडिट कार्ड आहे, किसान क्रेडिट कार्ड,’ असं सांगणारे बरेच भेटतात. ते पीककर्ज आहे. त्यावर पॉइंट नसतात आणि ते असल्यामुळे तुम्ही ‘जुने कार्डधारक’ ठरत नाही. मात्र त्याची थकबाकी सिबिलमध्ये दिसते, ती नव्या कार्डाला आडवी येऊ शकते.

‘नवा ग्राहक’ म्हणजे कोण?

बहुतेक बोनस ऑफर नव्या कार्डग्राहकासाठी असतात. नवा म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या प्रत्येक बँक आपली आपली करते. साधारण चाल अशी : त्या बँकेचं कार्ड आज तुमच्याकडे असेल, किंवा ठरावीक महिन्यांच्या आत तुम्ही बंद केलेलं असेल, तर तुम्ही नवे नाही. जुनं कार्ड बंद करून पंधरा दिवसांनी परत अर्ज करणारे हुशार लोक इथेच अडकतात. मोबाईल नंबर बदला, पत्ता बदला, काही उपयोग नाही. बँक पॅनवरून ओळखते. साध्या कार्डाचं वरच्या दर्जाच्या कार्डात रूपांतर केलं, तर तेही नवं कार्ड धरत नाहीत. बायकोच्या किंवा मुलाच्या नावाने काढलेलं ॲड-ऑन कार्ड मुख्य कार्डाचीच फांदी, त्याला सहसा वेगळा बोनस नाही.

बचत खात्याचं मात्र वेगळं. आपल्या भागात स्टेट बँक ऑफ हैदराबादचे खातेदार फार. १ एप्रिल २०१७ रोजी ती बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि आपण सगळे स्टेट बँकेचे झालो. पण एसबीआय कार्ड ही स्टेट बँकेची उपकंपनी असली तरी स्वतंत्र कंपनी आहे. तुमचं वीस वर्षांचं खातं असलं, तरी त्यांच्या वहीत तुम्ही कार्डधारक नसता. त्यामुळे ‘तुमचं खातं आहे म्हणून बोनस मिळणार नाही’ असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

उलटं उदाहरण पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या पोरांचं. सिटी बँकेचा इथला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय १ मार्च २०२३ पासून ॲक्सिस बँकेकडे गेला, पुढे कार्डंही ॲक्सिसची झाली. ज्याने ॲक्सिसकडे कधी अर्जच केला नाही, तोही आज ॲक्सिसचा कार्डधारक आहे. ‘नव्या ग्राहकालाच’ अशी ऑफर आली, तर तो त्यात बसत नाही.

अमेरिकेला गेलेल्या पुतण्या-भाच्यांकडून ऐकलेले नियम मात्र इथे लावू नका. तिकडे अमेरिकन एक्स्प्रेस एका प्रकारच्या कार्डावर साधारणपणे आयुष्यात एकदाच बोनस देते. चेस बँक तर २४ महिन्यांत पाच किंवा जास्त नवी कार्डं घेतलेल्याला सहसा नवं कार्डच देत नाही, असा तिथल्या लोकांचा अनुभव आहे. आपल्याकडे असा सगळ्यांना माहीत असलेला एक नियम नाही. इथे बँक बदलली की अट बदलते, कधी कधी कार्ड बदललं तरी बदलते.

फुकट कार्ड आणि बोनस एकत्र?

छत्रीखालच्या पोराचं वाक्य परत आठवा : ‘लाइफटाइम फ्री, वर बोनस.’ या दोन गोष्टी फार कमी वेळा एकत्र येतात. कारण पुष्कळ कार्डांवर बोनस हा जॉइनिंग फी भरल्यावर मिळतो. फी माफ झाली की बोनसही गेला. एचडीएफसीच्या मिलेनिया कार्डाचं बघा. फी १,००० रुपये, त्याबदल्यात १,००० कॅशपॉइंट, आणि अट स्पष्ट आहे की ते फी भरल्यावर मिळतात. कुणी तुम्हाला तेच कार्ड फी माफ करून दिलं, तर पॉइंट का आले नाहीत म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

आता फी भरणाऱ्याच्या हातात काय पडतं, तेही पेन घेऊन मांडू. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हजाराचे ११८० जातात, मिळतात हजार. एसबीआयच्या सिम्प्लीक्लिक कार्डाची फी ४९९ रुपये, भेट म्हणून ५०० रुपयांचं ॲमेझॉन व्हाउचर. जीएसटी धरून खिशातून ५८८ रुपये ८२ पैसे जातात. म्हणजे भेट घेण्यासाठी आपणच ८८ रुपये ८२ पैसे दिले. प्राइम कार्डाची फी २,९९९, व्हाउचर ३,००० चं. कराने ती फी ३,५३८ रुपये ८२ पैसे होते. बँका हे आकडे बदलत असतात, त्यामुळे अर्ज कराल त्या दिवशीचं पत्रक बघा. कार्डाचे बाकीचे फायदे वापरणार असाल तर घ्या की, पण निव्वळ ‘वेलकम गिफ्ट’साठी घ्यायचं तर हा सौदा उलटा आहे.

पॉइंटची किंमतही विचारा. एक पॉइंट म्हणजे एक रुपया, असं सगळीकडे नसतं. सिम्प्लीक्लिकवर चार पॉइंट म्हणजे एक रुपया. तिथे दोन हजार पॉइंट म्हणजे पाचशे रुपये झाले. वर काही बँका पॉइंट वटवायलाही फी घेतात, त्यावर पुन्हा जीएसटी.

घड्याळ कधी सुरू होतं?

गावाकडचा पत्ता असलेल्यांनी हा भाग नीट वाचा. ‘३० दिवसांत पहिला व्यवहार’, ‘९० दिवसांत इतका खर्च’ अशा अटी असतात. ॲक्सिसच्या ॲटलस कार्डावर तर मुदत ३७ दिवसांची आहे, तीही ‘कार्ड सेटअप’ झाल्यापासून. सेटअप म्हणजे बँकेच्या संगणकात तुमचं कार्ड खातं उघडलं तो दिवस. पाकीट हातात आलं तो दिवस मोजायचा नाही, ॲक्टिव्हेट केलं तोही नाही. अमेरिकन एक्स्प्रेसच्या मेंबरशिप रिवॉर्ड्स कार्डावर पहिल्या ९० दिवसांत १५,००० रुपये खर्च केल्यावर ४,००० पॉइंट, अशी चाल राहिलेली आहे; पण ती कंपनी मुळात निवडक शहरांतच कार्ड देते.

शहरात तीन-चार दिवसांत कार्ड येतं, त्यांना हा फरक कळतही नाही. औराद, कमलनगरच्या खेड्यात किंवा आळंदच्या तांड्यावर पाकीट पोचायला लागणारे दिवस तुमच्या मुदतीतून वजा होतात. उपाय साधा आहे. अर्जात ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ वेगळा देता येतो. तिथे दुकानाचा, ऑफिसचा, जिथे दिवसभर कुणीतरी हजर असतं तो पत्ता द्या. बऱ्याच बँकांच्या ॲपवर प्लास्टिकचं कार्ड येण्याआधीच कार्डाचा नंबर दिसतो, त्यावर ऑनलाइन व्यवहार करता येतो. आणि मंजुरीचा एसएमएस आला त्याच दिवशी कस्टमर केअरला विचारून सेटअपची तारीख लिहून ठेवा.

कार्ड गावात पडून राहण्याचा आणखी एक परिणाम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, दिल्यापासून ३० दिवसांत कार्ड ॲक्टिव्हेट झालं नाही तर बँकेने ओटीपीने तुमची संमती मागायची. संमती मिळाली नाही तर सात कामाच्या दिवसांत ते कार्ड खातं बंद करायचं, तेही तुमच्याकडून पैसा न घेता. नियम आपल्या संरक्षणासाठीच आहे. पण आजीने पाकीट ट्रंकेत जपून ठेवलं आणि तुम्ही हैदराबादला, तर बोनस राहिला बाजूला, कार्डही जाईल.

कुठला खर्च धरतात?

इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं, एटीएममधून काढलेली रोख, ईएमआयवर घेतलेली खरेदी : यातला बहुतेक खर्च बोनससाठी धरत नाहीत. सरकारी भरणा, विमा, वीजबिल यांचं बँकेगणिक वेगळं. परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी केलेली खरेदीही धोक्याची, कारण काही बँका व्यवहार खात्यावर चढला ती तारीख धरतात. चार-पाच दिवस हातात ठेवावेत.

आपल्याकडची खास अडचण यूपीआयची. गांधी गंजमध्ये असो की बसवकल्याणच्या बाजारात, छोट्या दुकानात स्वाइप मशीन नसतं, क्यूआर असतो. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे तिथेही कार्ड चालतं. पण क्यूआर दुकानाच्या नावाचा लागतो. दुकानदाराने स्वतःच्या खासगी नंबरचा क्यूआर चिकटवला असेल तर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत. आणि यूपीआयवरच्या खर्चाला काही बँका पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात. बोनसच्या खर्चात यूपीआय धरता का, हा प्रश्न आधी विचारायचा.

एक गोष्ट करू नका. ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड घासून, तो दोन-अडीच टक्के कापून रोख देतो, हा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. बोनसचा खर्च पुरा करायला लोक तेच करतात. बँकांना असे व्यवहार दिसतात. पॉइंट तर जातातच, कार्डही बंद होऊ शकतं.

आणि खर्च पुरा करण्याच्या नादात बिल थकलं तर? समजा बोनससाठी ५० हजार खर्च केले आणि ‘मिनिमम ड्यू’ तेवढा भरला. महिन्याला ३.७५ टक्के दर असेल तर ५० हजारांवर एका महिन्याचं व्याज १,८७५ रुपये, त्यावर जीएसटी ३३७ रुपये ५० पैसे. सव्वादोन हजारांच्या आसपास एका महिन्यात गेले, आणि बोनस होता पाचशे-हजाराचा. व्याजाला कुठे तरी लगाम असेल असं वाटत असेल तर तेही ऐका. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरवला. महिन्याला पावणेचार म्हणजे वर्षाला ४५ टक्के. आपल्याकडे सावकाराला आपण काय काय बोलतो! तुरीचे पैसे येतील तेव्हा भरू, अशा भरवशावर कार्ड वापरणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवावा.

बोनस अडला तर

राज्य बदललं तरी कार्डाचे मूळ नियम बदलत नाहीत. बिदर, लातूर, संगारेड्डी, सगळीकडे रिझर्व्ह बँकेचेच निर्देश. त्यांत लिहिलंय की कार्डाच्या अटी ग्राहकाला समजेल अशा सोप्या भाषेत द्याव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. आता बिदरची स्थानिक भाषा बँकेच्या लेखी कन्नड, उदगीरची मराठी. म्हणजे कमलनगरच्या मराठी माणसाला मराठी पत्रक हवं असेल तर राष्ट्रीय बँकेकडे मागायला हरकत नाही, त्यांच्याकडे महाराष्ट्रासाठी छापलेलं असू शकतं. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणंही बँकेवर बंधनकारक आहे. फीमध्ये बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं.

एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पुसू नका. ‘फ्री कार्ड आणि दोन हजार पॉइंट’ असं त्याने लिहून दिलं असेल तर तो तुमचा पुरावा. तोंडी बोलला असेल तर तुम्हीच त्याला मेसेज करा, ‘तुम्ही असं असं म्हणालात, बरोबर ना?’ उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर तेही काही सांगून जातं.

तक्रार आधी बँकेकडे, लेखी, तक्रार क्रमांक घेऊन. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. लोकपालाकडे मुद्दा ‘मला बोनस हवा’ असा मांडू नका. ‘अमुक अट मी अमुक तारखेला पुरी केली, हा पुरावा, तरी बँकेने दिला नाही’ असा मांडा. अटच पुरी झालेली नसेल तर तिथेही काही हाती लागणार नाही, माझ्या डिझेलसारखं.

रक्कम मोठी असेल आणि फसवणूक झाल्याचं वाटत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक सोय फार चांगली केलीय : बँकेचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. बिदरच्या माणसाने बिदरलाच जायचं, लातूरच्याने लातूरला.

आणि कार्ड नकोच झालं असेल तर आधी पॉइंट वटवून घ्या, कारण बंद केल्यावर ते सहसा बुडतात. बोनस घेऊन वर्षाच्या आत बंद केलं तर तो परत कापून घेण्याची अट काही बँकांची असते, तीही तपासा. बाकी काही देणं नसेल तर विनंती केल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. विनंती ईमेलने किंवा ॲपवरूनच करा, म्हणजे तारीख नोंदली जाते.